लाईट, लिलाव आणि उरलेला दिवस

मार्चच्या शेवटी मोसम खोऱ्यात सगळीच कामं एकदम अंगावर येतात. उन्हाळ कांद्याच्या माना पडायला लागलेल्या असतात आणि काढणीची टोळी आज हातची गेली तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो. मागास लागणीच्या तुकड्याला एक-दोन पाणी अजून बाकी असतं. चाळ झाडून, डागडुजी करून तयार ठेवायची असते. खरिपाचं पीक कर्ज 31 मार्चच्या आत सोसायटीत भरलं तरच 3 लाखांपर्यंतच्या रकमेवर शून्य टक्के व्याजाची सवलत मिळते, म्हणून पैशांसाठी थोडा माल लगेच विकावा लागतो. शिवाय लग्नसराई आणि पोरांच्या परीक्षा आहेतच.

अशा वेळी दिवस कसा आखायचा? ‘सकाळी उठून यादी करा, महत्त्वाचं काम आधी उरका’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो ज्याचे तास त्याच्या स्वतःच्या हातात आहेत त्याच्यासाठी आहे. नामपूरच्या कांदेवाल्याचा निम्मा दिवस महावितरण, बाजार समिती आणि मजुरांची टोळी यांनी आधीच वाटून घेतलेला असतो. म्हणून इथे आखणीची सुरुवात कामांपासून करायची नाही. आधी कोणते तास दुसऱ्याच्या ताब्यात आहेत ते बघायचं.

आदल्या संध्याकाळी वहीचं एक पान घ्या आणि पहिल्यांदा लाईट लिहा. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. आपल्या फीडरची पाळी सगळ्यांना तोंडपाठ असते, तरी ती कागदावर उतरवा, कारण बाकीचा दिवस तिच्यावरच ठरतो. पाळी रात्रीची असेल तर पाणी भरायला रात्री शेतात जावं लागतं. बिबट्याच्या भीतीने बरोबर कुणीतरी न्यावं लागतं, म्हणजे एका घरातल्या दोन माणसांची झोप जाते. ही गेलेली झोप दुसऱ्या दिवसाच्या हिशोबात कुणीच धरत नाही आणि आखणी कोसळते ती इथेच.

डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची चालकासाठीची मर्यादा 0.03 टक्के आहे. रात्रभर बारे फिरवून सकाळी भरलेली ट्रॉली मार्केटला नेणारा माणूस थेंबभर न पिताही त्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो. तेव्हा रात्रपाळीच्या दिवसांत एकाने पाणी भरायचं आणि दुसऱ्याने ट्रॅक्टर न्यायचा. घरात दुसरं माणूस नसेल तर त्या दिवशी लिलाव नाही. यात मला तडजोड दिसत नाही.

पानावर दुसरा येतो लिलाव. नामपूरच्या मार्केटला किंवा करंजाडच्या उपबाजारात माल न्यायचा म्हणजे फक्त बोलीची काही मिनिटं मोजून चालत नाही. आधी रांग, मग बोली, हातात पावती, भरल्या ट्रॉलीचं काट्यावर वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करणं, रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि शेवटी हिशोबपट्टी. मधेच खालचा माल हलका निघाला म्हणून वांधा काढला गेला तर आणखी वेळ जातो. घरून निघतानाच ‘दुपारी जेवायला येतो’ म्हणणारा माणूस दिवेलागणीला परततो आणि दुपारसाठी ठरवलेली सगळी कामं तशीच राहतात.

हा अंदाज चुकतो तो आळसामुळे नाही. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच या खोडीचं वर्णन केलं होतं: माणूस अंदाज बांधताना काम सुरळीत पार पडल्याचं चित्र मनात आणतो आणि मागच्या वेळी काय झालं ते बाजूला ठेवतो. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण करायला सरासरी 34 दिवस लागतील असं सांगितलं, लागले 55 पेक्षा जास्त. उपाय साधा आहे. मागच्या दोन-तीन खेपांच्या काट्याच्या पावत्या बघा, त्यांवर वेळ छापलेली असेल तर उत्तमच, आणि तेवढेच तास पानावर धरा. आपल्या मनातला आकडा धरू नका.

रांगेतल्या वेळाबद्दल एक गैरसमज आहे. तो मोकळा वेळ वाटतो, पण तो तुकड्यातुकड्यांचा वेळ असतो. पुढची ट्रॉली सरकली की आपलीही सरकवावी लागते. अशा वेळी कर्जाचा हिशोब काढायला बसलात तर तो अर्धवटच राहणार. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये मांडलेलं निरीक्षण असं की अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढच्या कामाला तेवढं कमी लक्ष मिळतं. म्हणून रांगेसाठी वेगळी, छोटी यादी करा: टोळीच्या मुकादमाला फोन, औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीच्या सचिवाला एक निरोप. कधीही तोडता येतील अशीच कामं त्यात घ्या.

आणि मोबाईल. लासलगाव, उमराणे, नामपूर, सगळीकडचे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी भाव ग्रुपवर पडत असतात. ते बघायची योग्य वेळ एकच, ट्रॉली भरायच्या आधी. तोवर ‘आज न्यायचा की थांबायचं’ हा निर्णय आपल्या हातात असतो. माल रांगेत लागल्यावर दर पाच मिनिटांनी लासलगावचा भाव बघून आपल्या कांद्याची बोली वाढत नाही, फक्त जीव वरखाली होतो.

लाईट आणि लिलावाखाली टोळीचे तासही पानावर मांडून झाले की मधे जे उरतं ते तुमचं. काढणीच्या दिवसांत ते बहुतेक वेळा पहाटेचा तास-दीड तास आणि संध्याकाळचा थोडा वेळ इतकंच असतं. त्यात डोक्याचं काम एकच ठेवा. सध्याचं डोक्याचं काम म्हणजे किती कांदा आत्ता विकायचा आणि किती चाळीत टाकायचा हे ठरवणं. कर्जाची रक्कम, टोळीची उक्ती मजुरी, लग्नाचा आहेर आणि चाळीत होणारी घट नि सड हे सगळं एका कागदावर मांडावं लागतं. ते ट्रॅक्टरच्या सीटवर बसून होत नाही आणि गोल्टी निवडता निवडताही होत नाही.

बाकीची कामं डोक्यात भुणभुण करतच राहतील. ती थांबवायला ती संपवावीच लागतात असं नाही. इ. जे. मॅसिकँपो आणि रॉय बाउमाइस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलं की न झालेल्या कामासाठी नेमकी योजना ठरली, तरी ते काम मनात मधेमधे डोकावायचं थांबतं. मात्र ‘चाळीचं बघायचंय’ ही योजना नव्हे. ‘शुक्रवारी लाईट दिवसाची आहे, मोटार चालू करून चाळीच्या पश्चिमेकडच्या जाळ्या बांधायच्या’ ही योजना. काम, वार आणि जागा, तिन्ही लिहा.

त्याच पानाच्या तळाशी दोन-तीन ‘तर’ लिहून ठेवा. लाईट मधेच गेली तर पाण्यावरच्या माणसाने थांबायचं की घरी यायचं? टोळी आली नाही तर घरच्यांनी कोणता वाफा आधी काढायचा? आभाळ भरून आलं तर झाकायला ताडपत्री कुठे आहे आणि फोन कुणाला करायचा? मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये या जर-तर पद्धतीची बाजू मांडली ती याच कारणासाठी: ऐन गोंधळात विचार करावा लागत नाही, निर्णय आधीच झालेला असतो. मार्च-एप्रिलमधल्या अवकाळीत ढग दिसल्यापासून पहिल्या थेंबापर्यंत फार वेळ मिळत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको.

हे पान घरातल्या सगळ्यांना दिसेल असं ठेवा. पुष्कळ घरांत कांदा कापायला येणाऱ्या बायांची हजेरी, त्यांचं चहापाणी आणि पाण्याचे ड्रम हे सगळं घरच्या बाईच्या डोक्यात असतं, आणि पुरुषाच्या यादीत त्यातलं काहीच नसतं. मग आखणी एकाची आणि ताण दुसरीला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि 2023 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. ज्या फीडरला तिच्यामुळे कायम दिवसा वीज मिळते तिथे रात्रीची झोप परत मिळते, पण हे पान नव्याने मांडावं लागतं. पाणी, टोळी आणि लिलाव, तिन्ही सकाळच्या त्याच तासांत येतात. तिथे आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा ठरवायचं ते हे, की उद्या मोटारीजवळ कोण, बायांबरोबर कोण आणि मार्केटला कोण.