"शेठ, जरा जाड ऑइल द्या" : गिऱ्हाईक असं म्हणालं की काय कराल?



ऑइल आणि स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मार्जिन किती सुटतं?" मार्जिनचा हिशोब व्हिडिओत सांगितलाच आहे. इथे मी ऑइलच्या एका डब्याबद्दल लिहितो. त्या डब्यावर मला चांगलं मार्जिन मिळालं, आणि त्याच डब्यापायी एक पक्कं गिऱ्हाईक गेलं.

दुकान नवीन होतं. भाड्याने गाडी चालवणारे एक दादा आले. पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या आसपास किलोमीटर झालेली. म्हणाले, "शेठ, गाडी ऑइल खायला लागली, सायलेन्सरमधून निळा धूर मारते. जरा जाड ऑइल द्या." मी फळीवरचा २०डब्ल्यू-५०चा डबा काढून दिला. बिल केलं, विषय संपला. धूर थोडा कमी झाला, दादा खूश झाले. इथेच घोटाळा झाला. आता जाड ऑइल घातलंय म्हणून त्यांनी डिपस्टिक बघायचं सोडून दिलं. ऑइल जातच होतं. लेव्हल कमी होत होत एक दिवस लांबच्या भाड्याला लाल दिवा लागला, आणि गाव आलंच म्हणून त्यांनी गाडी तशीच रेटली. बेअरिंग गेलं, इंजिनचं काम निघालं. इंजिन खोलल्यावर मेकॅनिकला दिसलं की पीसीव्ही व्हॉल्व्ह पूर्ण चोकअप होता. इंजिनच्या आतला गॅस बाहेर काढणारा हा छोटा पार्ट काहीशे रुपयांत येतो. तो बंद पडला की आतलं प्रेशर वाढतं, ऑइल सीलमधून बाहेर पडतं नाहीतर जळायला जातं. दादांची गाडी महिनाभर बंद, हप्ता मात्र चालू. माझ्याशी भांडले नाहीत. फक्त परत आले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आपण दुकानदार, मेकॅनिक नाही. बरोबर. पण गिऱ्हाईक बऱ्याचदा मेकॅनिककडे जायच्या आधी आपल्या काउंटरवर येतं, कारण आपल्याकडे पाचशे-हजारात काम भागेल असं त्याला वाटतं. त्यामुळे दोन-चार प्रश्न आपल्याला विचारता आलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न धुराचा. रंग कोणता आणि कधी येतो? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताना एक निळा लोट येऊन थांबत असेल, किंवा घाट उतरताना एक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर येत असेल, तर संशय वॉल्व्ह सीलवर. चढाला, लोड घेताना सतत येत असेल तर पिस्टन रिंग, आणि टर्बो गाडी असेल तर टर्बोही बघावा लागतो. पीसीव्ही मात्र या सगळ्यांच्या आधी तपासायला सांगा, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी; एअर फिल्टर काढून बघा. पांढऱ्याचं जरा सांभाळून. थंडीत सकाळी दोन मिनिटं वाफ दिसणारच. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटची शंका. अशा गाडीला ऑइल विकूच नका, आधी गॅरेजला पाठवा.

दुसरं काम, बॉनेट उघडा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून मग लेव्हल वाचा. बहुतेक कारमध्ये मिनिमम आणि मॅक्सिमम या खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. मॅक्सिममच्या वर भरलं की जास्त चांगलं, हा गैरसमज आहे. क्रँक ऑइलला घुसळतो आणि फेस होतो. डिझेलचं ऑइल काही दिवसांत काळं होतं, त्याला घाबरू नका. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट आहे. नुसत्या फिलर कॅपखाली थोडी मलई दिसली आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर ती वाफेची असू शकते. आणि लेव्हल वाढलेली दिसली, ऑइलला डिझेलचा वास आला, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या डीपीएफवाल्या गाड्यांत हे होतं, कारण फिल्टर साफ व्हायची प्रक्रिया दर वेळी अर्धवट राहते.

लाल ऑइल दिव्याचं एकच उत्तर: गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगतो. पिवळा चेक इंजिन लाइट वेगळा. त्याला स्कॅनर लावतात, पण कोड फक्त दिशा देतो, पार्टचं नाव नाही. पी०३०० आला म्हणजे मिसफायर आहे एवढंच. प्लग, कॉइल की इंजेक्टर, ते शोधावं लागतंच.

आता ऑइल कोणतं द्यायचं? ब्रँडच्या आधी गाडीचं मॅन्युअल. ५डब्ल्यू-३०मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंशाला त्याचा जाडपणा किती राहतो ते. आपल्याकडे गरमी म्हणून जाडच हवं, हे जुन्या इंजिनांच्या काळातलं बोलणं. आजच्या कितीतरी छोट्या पेट्रोल इंजिनांना कंपनीच ०डब्ल्यू-२० सांगते. त्यातल्या बारीक वाटा पातळ ऑइल धरूनच केलेल्या असतात, जाड ऑइल सकाळी वरपर्यंत पोचायला वेळ घेतं.

ग्रेड जुळला म्हणजे झालं असं नाही, स्पेसिफिकेशनही जुळलं पाहिजे. पेट्रोलला एपीआय एसएन किंवा एसपी असं लिहिलेलं असतं. बीएस६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या, यांत बहुतेक डीपीएफ असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी२, सी३ असं दिसेल. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती साचतच जाते. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३०च लिहिलेलं असतं, एक चालतो, दुसरा हळूहळू महागडा फिल्टर घालवतो. आणि कारचं ऑइल बाइकला कधीच देऊ नका. बाइकला जासो एमए लागतं, नाहीतर क्लच स्लिप होतो.

म्हणून स्टॉक भरण्याआधी एक काम करा. डिस्ट्रिब्युटरची स्कीम ऐकून वीस पेट्या उचलू नका. तीन-चार दिवस तुमच्या रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजा: जुन्या डिझेल किती, बीएस६ किती, छोट्या पेट्रोल किती, टेम्पो किती. चार-पाच ग्रेडमध्ये तुमचा बहुतेक धंदा निघतो, बाकी मागणीनुसार आणून द्या. माल अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच, बिलासकट. नकली ऑइलचा डबा तुमच्या नावावर विकला जातो, हे विसरू नका.

माझ्या बिलावर आता ग्रेड, स्पेसिफिकेशन आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. ऑइल खाण्याची तक्रार असेल तर लेव्हल लिहून देतो आणि हजार किलोमीटरनंतर परत बोलावतो; किती कमी झालं ते मोजून मगच पुढचं बोलतो. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. २०डब्ल्यू-५० आजही ठेवतो, जुन्या गाड्यांना ते लागतंच, पण तो डबा मी मॅन्युअल किंवा मेकॅनिकची चिठ्ठी बघितल्याशिवाय फळीवरून काढत नाही. यात कधीकधी गिऱ्हाईक वैतागतं आणि शेजारच्या दुकानातून घेतं. ते चालतं.