ब्लू माउंटनमधली तूर

ख्रिसमसचं जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केक येतो, फार तर टर्की. जमैकाच्या ब्लू माउंटनमध्ये, कॉफीच्या मळ्याला लागून असलेल्या एका घरात माझ्या ताटात पडली ती चक्क तूर! ओले दाणे, नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवलेले. तिथे त्यांना ‘गंगो पीज’ म्हणतात. सोबत ग्लासात लालचुटुक ‘सॉरेल’. म्हणजे लाल अंबाडीची बोंडं आल्याबरोबर उकळायची, रात्रभर मुरू द्यायची आणि मोठ्यांच्या ग्लासात वरून रम. (आपण अंबाडीची फक्त भाजी करत बसलो!)

मग आलं बोकडाचं ‘करी गोट’. पहिल्याच घासाला हळद, मेथी ओळखू आली. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्ण संपली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर इथे आणले गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे.

या घरातल्या आजींचे पणजोबा त्यांतलेच. भाषा गेली, देव बदलले. पण करी पावडर तेलात खमंग ‘जाळल्याशिवाय’ आजी मटण टाकू देत नाहीत.

‘‘त्यांचं गाव तुझ्या घरापासून किती लांब गं?’’ आजींनी विचारलं.

गावाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं.

‘‘बहुतेक रेल्वेनं सव्वा दिवस,’’ मी म्हटलं.

आजींनी मान डोलावली. मग सुनेला म्हणाल्या, ‘‘हिला अजून रस्सा वाढ.’’