अबोली : ओळख, लागवड व मुळांची निगा

अबोलीच्या फुलास गंध नाही. तथापि तोडल्यानंतरही ते बराच वेळ टवटवीत राहते व वजनाने अगदी हलके असते. त्यामुळे गोव्यातील ‘फाती’ असो वा बेळगाव भागातील वेणी, अबोलीस मागणी असतेच. परसातील दोन-चार वाफ्यांतूनही घरखर्चास हातभार लावणारे हे पीक आहे. मात्र पहिल्या वर्षी भरभरून फुललेली झाडे पुढे माना टाकतात, असे पुष्कळ ठिकाणी घडते. पाणी व खत वाढवूनही ती सुधारत नाहीत, कारण दोष बहुधा मुळांशी असतो. म्हणून ओळख व लागवड यांबरोबरच मुळांच्या निगेची माहिती येथे दिली आहे.

ओळख

अबोलीचे शास्त्रीय नाव क्रॉसॅन्ड्रा इन्फन्डिब्युलिफॉर्मिस असे आहे. दक्षिण भारत व श्रीलंका ही तिची मायभूमी. कन्नडमध्ये तिला कनकांबर म्हणतात. अडुळशाच्या कुळातील हे सदाहरित झुडूप साधारणपणे दोन ते तीन फूट वाढते. पाने गर्द हिरवी, तकतकीत व टोकदार असतात. चौधारी हिरव्या कणसावर फुले खालून वर क्रमाक्रमाने उमलतात. फुलाची नळी बारीक असून पाकळ्या एकाच बाजूस पंख्याप्रमाणे पसरतात. पिवळ्या कोरांटीशी तिची गल्लत होऊ नये. कोरांटीच्या पानांच्या बेचक्यात तीक्ष्ण काटे असतात; अबोलीस काटे नसतात.

रोपे

नेहमीची नारिंगी अबोली बियांपासून वाढविता येते. तिची पक्व बोंडे पाणी लागताच तडकतात व बी दूर उडते. यास्तव वाळलेली कणसे भिजण्यापूर्वीच काढून घ्यावीत. ‘दिल्ली’ या नावाने ओळखली जाणारी जात त्रिगुणित असल्याने तिला बी धरत नाही. तिची लागवड शेंड्याकडील छाट कलमांनी करावी.

लागवड

पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. भरपूर कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफे तयार करावेत व पावसाळ्याच्या आरंभी ६० × ३० सेंटिमीटर अंतरावर रोपे लावावीत. विरळ सावली या झुडपास मानवते, परंतु मुळांशी साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. पूर्ण उमललेली फुले एक दिवसाआड सकाळी लवकर तोडावीत.

मुळांचे रोग

पाने पिवळी पडून वाढ खुंटल्यास खत घालण्यापूर्वी एक झाड मुळांसह उपटून धुवून पाहावे. मुळांवर गाठी दिसल्यास किंवा मुळे आखूड होऊन त्यांवर काळपट डाग पडल्यास सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. खोड उभे चिरल्यावर आतील भाग तपकिरी दिसल्यास मर रोगाची शंका घ्यावी. सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीस प्रवेश सुलभ होतो.

अशी झाडे मुळांसह उपटून जाळावीत. त्या जागी लगेच पुन्हा अबोली लावू नये. वांगी, टोमॅटो, भेंडी ही पिकेही घेऊ नयेत, कारण गाठी करणारे सूत्रकृमी त्यांवरही पोसले जातात. त्याऐवजी झेंडू घ्यावा. त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे सूत्रकृमींची संख्या घटते आणि दसरा-दिवाळीस फुलांची विक्रीही होते. उन्हाळ्यात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावे आणि लागवडीपूर्वी निंबोळी पेंड मिसळावी.

रोपांची देवघेव ही आपल्याकडील जुनी चाल आहे. परंतु रोगट वाफ्यातील रोपाबरोबर त्याच्या मुळांची मातीही जाते आणि तिच्यातून रोग शेजाऱ्याच्या परसात पोहोचतो. म्हणून रोप घेताना फूल पाहावे, त्याआधी मूळ पाहावे. शंका असल्यास मुळे व माती यांचा नमुना जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवून सल्ला घ्यावा.