‘बॅजर’ करणें म्हणजे काय?

एखाद्याला एकाच गोष्टीसाठीं पुनःपुन्हा गांठून सतावून सोडणें या अर्थीं इंग्रजींत ‘बॅजर’ असें क्रियापद आहे. बॅजर हें मुळांत एका प्राण्याचें नांव. तेव्हां हा प्राणी मोठा उपद्रवी असला पाहिजे, असा समज सहजच होतो. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

बॅजर हा इंग्लंडच्या रानांत बिळें करून राहणारा, आखूड पायांचा, करड्या अंगाचा प्राणी. त्याच्या पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे असतात. दिवसा तो जमिनीखालीं पडून राहतो आणि रात्रीं बाहेर येऊन बहुतकरून गांडुळांवर गुजराण करतो. आपण होऊन तो कोणाच्या वाटेस जात नाहीं. परंतु त्याचा जबडा विलक्षण बळकट, आणि कोंडींत सांपडला म्हणजे तो प्राणपणानें झुंजतो. हा गुणच त्याला भोंवला. त्याला पकडून लांकडी पेटींत किंवा पिंपांत कोंडावयाचें व त्याच्यावर कुत्रें सोडावयाचें. कुत्र्यानें त्याला ओढून बाहेर काढलें कीं पुन्हा आंत ढकलावयाचें आणि पुन्हा कुत्रें सोडावयाचें, असा खेळ तेथें पैजा लावून चाले. १८३५ सालीं पार्लमेंटनें कायद्यानें त्यास बंदी केली. चोरून तो पुढेंहि चालत राहिला, आणि १९९२ सालीं बॅजरच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. क्रियापद मात्र या बंदीपूर्वींच, अठराव्या शतकाच्या अखेरीस, भाषेंत रुळूं लागलें होतें.

म्हणजे या शब्दांतील बॅजर हा छळणारा नव्हे, छळ सोसणारा होय. ‘हाउंड’ म्हणजे शिकारी कुत्रा. त्यापासूनहि पिच्छा पुरविणें या अर्थाचें क्रियापद झालें आहे, पण तेथें चित्र कुत्र्याच्या बाजूचें. ‘हाउंड’मधील सावजाला पळावयास निदान रान तरी मोकळें असतें, बॅजरला तेंहि नाहीं. म्हणून माशीसारखें घोंघावून त्रास देणाऱ्याला ‘पेस्टर’ शोभतें, घरांत उठल्याबसल्या उणें काढणाऱ्याला ‘नॅग’ शोभतें; समोरच्याला हलतां येऊं नये अशा स्थितींत त्याच्यावर मागणीचा किंवा प्रश्नांचा मारा चालला असेल, तेथें ‘बॅजर’ हाच शब्द योग्य. वडिलांनीं सायकल घ्यावी म्हणून मुलगा त्यांना ‘बॅजर’ करतो. बातमीदार मंत्र्याला प्रश्नांनीं ‘बॅजर’ करतात. या क्रियापदापुढें ‘इंटू’ हें अव्यय आलें, तर छळ सफल झाला असें समजावें : म्हाताऱ्या चुलत्याला पुतण्यांनीं ‘बॅजर’ करून कागदावर सही करावयास लावलें. येथें बळजबरी झाली नाहीं, कोणी हातहि उगारला नाहीं. म्हातारा केवळ थकला. हा शब्द वापरणाऱ्याची सहानुभूति बहुधा त्या थकलेल्याकडे असते.

मराठींत याला तंतोतंत प्रतिशब्द मिळत नाहीं. ‘तगादा’ला देण्याघेण्याचा वास येतो, ‘कटकट’ फारच घरगुती. ‘भंडावून सोडणें’ त्यांतल्या त्यांत जवळचें. ‘ससेमिरा’ हा शब्द मात्र मोठा गंमतीचा आहे, कारण त्याच्याहि मुळाशीं एक जनावरच आहे. सिंहासनबत्तिशींतील कथेंत वाघाला भिऊन झाडावर चढलेल्या राजपुत्राला एका अस्वलानें अभय दिलें. राजपुत्रानें मात्र तें झोपलें असतां त्याला खालीं लोटलें. अस्वल वांचलें आणि राजपुत्र वेडा झाला. ‘स-से-मि-रा’ एवढींच अक्षरें तो बडबडूं लागला. पुढें या अक्षरांनीं आरंभ होणारे चार श्लोक त्याला ऐकविले, तेव्हां एकेका श्लोकासरशीं एकेक अक्षर सुटत गेलें. न सुटणाऱ्या बडबडीचा हा शब्द मराठींत न सुटणाऱ्या पाठलागाचा झाला. पण ससेमिरा चुकवितां येतो. ‘बॅजर’ची कोंडी त्यांत नाहीं.

ती कोंडी खरी दिसते न्यायालयांत. साक्षीदाराला पिंजऱ्यांतून आपण होऊन उतरतां येत नाहीं, आणि उलटतपासणी तर व्हावयासच हवी. तिच्यावांचून खोटी साक्ष उघडी पडणार कशी? अमेरिकेंतील न्यायालयांत वकील याच क्रियापदाचा उपयोग करून हरकत घेतात. हिंदुस्थानांत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १५२ व्या कलमानें हें काम न्यायाधीशाकडे सोंपविलें होतें : अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूनें विचारलेला दिसेल तो प्रश्न त्यानें मना करावा, इतकेंच नव्हे, तर प्रश्न स्वतः योग्य असूनहि त्याची भाषा विनाकारण जिव्हारीं लागणारी असेल, तर तोहि मना करावा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली. ही तरतूद त्यांतहि कायम आहे.