जाळ्याचे चित्र आणि मोडलेली अक्षरे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील चौथी शिकलेले. मराठी अक्षर लावून लावून वाचतात. भूगोलाच्या प्रकल्पासाठी आमच्या भागातील रेल्वेचे जाळे मी संगणकावर काढणार हे कळल्यावर ते म्हणाले, "त्यात प्रतापगड कुठं आहे ते मले दाखवजो." ही साधी मागणी पुरी करताना ज्या अडचणी आल्या, त्या इतरांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हा लेख.

जाळ्याचा आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचे कोडे याच रीतीने सोडवले. मी मोठी स्टेशने घेतली : गोंदिया, सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, बल्लारशाह आणि तेथून नागपूरमार्गे परत गोंदिया. शिवाय गोंदियाहून दुर्ग व बालाघाट. प्रतापगडला रेल्वे नाही, म्हणून त्याला अर्जुनीशी जोडणारी सडकेची एक रेषा. एकूण बिंदू ११, रेषा ११.

पायथॉन भाषेत हे काम तिघे मिळून करतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. नेटवर्कएक्स कोण कोणाशी जोडलेला याचा हिशेब ठेवते, मॅटप्लॉटलिब चित्र काढते आणि फॉन्ट अक्षरे पुरवतो. चित्र बिघडले की तिघांपैकी चूक कोणाची, हा पहिला प्रश्न. म्हणून प्रथम बिंदू व रेषा यांची नुसती संख्या छापून पाहावी. माझी ११ आणि ११ आली. हिशेब बरोबर होता; दोष पुढेच होता.

पहिली अडचण, पडद्यावर काहीच उमटेना. मॅटप्लॉटलिबचा 'ॲग' हा बॅकएंड चित्र फक्त फाइलीत उतरवतो, खिडकी उघडत नाही. तेव्हा चित्र फाइलीत साठवावे. मात्र साठवण्याची आज्ञा दाखवण्याच्या आज्ञेच्या आधी द्यावी. खिडकी बंद केल्यावर साठवले तर बहुधा कोरा कागद हाती येतो.

दुसरी, दर खेपेस चित्राचा आकार बदले. स्प्रिंग लेआउट बिंदूंची सुरुवातीची जागा यदृच्छेने निवडते. 'सीड' म्हणून एक ठरावीक आकडा दिला की चित्र स्थिर राहते. तरीही तो नकाशा नव्हे. त्यात उत्तर-दक्षिण शोधू नये.

तिसरी, नावांच्या जागी चौकोन आले. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट डेजावू सान्स. त्यात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवून त्याचे नाव सांगितले, तेव्हा चौकोन गेले.

आणि खरी अडचण तेव्हाच उभी राहिली. प्रतापगडमधल्या 'प'चा पाय मोडलेला आणि 'र' सुटा. अर्जुनीचा रफार वर चढेना. गोंदियाची वेलांटी 'द' सोडून 'य'कडे झुकलेली. फॉन्ट तर बरोबर होता! देवनागरीत अक्षरे नुसती ओळीने मांडून भागत नाही. त्यांची जोडणी करावी लागते. माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबच्या आवृत्तीत ती सोय नव्हती. इंग्रजीत नावे घाल, असे मैत्रिणीने सुचवले. काम पाच मिनिटांत संपले असते. पण मग वडिलांनी वाचायचे काय?

उपाय दोन सापडले. चित्र एसव्हीजी प्रकारात साठवावे आणि 'एसव्हीजी फॉन्टटाइप' हा पर्याय 'नन' ठेवावा. मग नावे रेघोट्या न बनता मजकूर म्हणूनच फाइलीत राहतात आणि ब्राउझर त्यांची जोडणी नीट करतो. दुसरा उपाय ग्राफव्हिज हे साधन. ते पँगो या लायब्ररीकडून अक्षरे जुळवून घेते. मी पहिला उपाय केला.

छापलेला कागद वडिलांनी हाती घेतला. बोट ठेवून वाचले, "प्र-ता-प-ग-ड." मग जरा वेळाने म्हणाले, "आपलं गाव एकाच दोरीनं बांधलं आहे वो!"

खरेच होते. जी रेषा पुसली की जाळ्याचे दोन तुकडे होतात, तिला या शास्त्रात 'पूल' म्हणतात. अर्जुनी वेढ्यावर आहे, तिथे पोचायला दोन वाटा. आमच्या बिंदूला एकच. आता या आलेखात गोठणगाव, नवेगावबांधकडच्या सडका घालायच्या आहेत. नावे मात्र मराठीतच राहतील.