पेनिसिलीन आणि जिवाणूंचा प्रतिकार

प्रतिजैविक : जिवाणूंचा नाश करणारे अथवा त्यांची वाढ रोखणारे औषध, सर्दी, फ्लू आदी विषाणुजन्य विकारांत निरुपयोगी.

पेनिसिलीन या प्रतिजैविकाचा शोध : १९२८, लंडन, अलेक्झांडर फ्लेमिंग.

प्रतिकार : औषधाला दाद देईनासा होतो तो जिवाणू, रोग्याचे शरीर नव्हे. पेनिसिलीन रुग्णालयांत सर्रास पोहोचण्यापूर्वीच, म्हणजे १९४० सालीच, त्याचे विघटन करणारे जिवाणूंतील विकर संशोधक अब्राहम व चेन यांनी नोंदविले होते. आणि त्यावर तोड म्हणून काढलेल्या मेथिसिलीनलाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूची नोंद १९६१ साली ब्रिटनमध्ये झाली.

पिंपरी : पेनिसिलीन बनविणाऱ्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना १९५४.

कायदा : भारतात १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीतील प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई असून, विक्रीची नोंदवही दुकानदाराने तीन वर्षे दप्तरी ठेवावयाची असते.