हजर-गैरहजर हार्ड डिस्क

कन्येच्या विवाहाची छायाचित्रे आणि दहा वर्षांचे हिशेब ज्या तळहाताएवढ्या पेटीत आपण निर्धास्तपणे ठेवलेले असतात, ती हार्ड डिस्क एके दिवशी जोडूनही संगणकाला दिसेनाशी झाली, की भल्याभल्यांचे धैर्य गळते आणि सारा संशय डिस्कवरच जातो. वस्तुतः पुष्कळदा गुन्हेगार असते ती वीतभर केबल. माझ्या डिस्कचा दिवा लुकलुकत होता, चकतीची बारीक कंपने बोटांना जाणवत होती, परंतु केबल खोबणीपाशी दाबून धरली की डिस्क हजर आणि हात काढला की गैरहजर, हा प्रकार पाहून दुसरी केबल लावली आणि मामला निकालात निघाला.

केबल निर्दोष ठरल्यास विजेची तहकीकात करावी. अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीतूनच घेते, यूएसबी २.० च्या खोबणीची अधिकृत मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. म्हणून हबमध्ये अनेक वाटेकऱ्यांसह लावलेली डिस्क कधीकधी नुसतीच टिकटिक करीत राहते, ती थेट संगणकालाच लावून पाहावी.

फिरते पण दिसत नाही, अशी डिस्क विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये कधी अक्षराविना (ड्राइव्ह लेटरविना) पडलेली आढळते. अक्षर बहाल करताच ती रुजू होते. मात्र ‘फॉरमॅट करू काय?’ या संगणकाच्या पृच्छेला होकार देणे म्हणजे कागद सापडेना म्हणून दप्तरखानाच जाळणे! आणि पुरेशी वीज मिळूनही आतून ठरावीक ठेक्यात टकटक ऐकू येत असेल, तर सारी हौस आवरून डिस्क तत्काळ बंद करावी व जाणत्या कारागिराकडे न्यावी.